सुई ज्याच्या हाताला टोचते, त्याचे प्रशिक्षण कुठे आहे?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्या नाशिकमध्ये आहे. राज्यभरातले डॉक्टर, परिचारिका त्याच्या परीक्षा देऊन घडतात. पण त्यांनी वापरलेली सुई, रक्ताने भिजलेला कापूस उचलतो कोण? बहुतेकदा आपल्याच वस्तीतला भाऊ किंवा बहीण, तेही कंत्राटावर. संसर्ग रोखण्याच्या प्रशिक्षणाची यादी निघते, तेव्हा त्यांचे नाव बहुधा सुटते. जात इथेही आपले काम चोख करते.

आम्ही मागतो ते कायद्यातच आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ सांगतात: हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेताना आणि पुढे वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्या, हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस द्या. ही जबाबदारी रुग्णालयाची आहे. कंत्राटदाराकडे बोट दाखवून ती टळत नाही.

१८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना सावित्रीमाई गेल्या. त्यांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्यांनी आज तेच धोक्याचे काम करणाऱ्याला लस मिळाली का, हेही विचारावे.

तरुणांनो, सुरुवात वस्तीतून करा. सफाई कामगारांना विचारा: शेवटचे प्रशिक्षण कधी झाले? सरकारी रुग्णालय असेल तर माहिती अधिकारात नोंदवही मागा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.

जय भीम!