अर्जाचा मुहूर्त आणि निष्ठेचा बडिवार

स्थलांतर आणि साहित्य या विषयावर आपल्याकडे चर्चा सुरू झाली की ‘निष्ठा’ हा शब्द अवतरायला फारसा वेळ लागत नाही. परदेशी नागरिकत्व घेणाऱ्या माणसावर मग दोन आरोप होतात. पहिला भावुक आहे: याने नाळ तोडली. दुसरा नैतिक आहे: नागरिकत्वासारखी गोष्ट याने हिशेब मांडून, तारीख पाहून घेतली. पहिल्या आरोपाला उत्तर देण्याची गरज नाही. तो करणाऱ्यांची मुले बहुधा तिकडेच असतात. दुसरा मात्र गंभीरपणे केला जातो, म्हणून त्याचा समाचार घ्यायला हवा. जोडीदाराच्या वास्तव्याची कागदपत्रे कोणत्या टप्प्यावर आहेत हे पाहून नागरिकत्वाचा अर्ज अलीकडे-पलीकडे करणारे जोडपे संधिसाधू ठरते काय? माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. हा हिशेब त्या जोडप्याने निर्माण केलेला नाही. तो कायद्याने त्यांच्या घरात आणून ठेवलेला आहे.

अमेरिकेचे उदाहरण मराठी घरांना सर्वांत परिचित आहे. ग्रीन कार्डधारकाला सामान्यतः पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व मागता येते; अर्ज नव्वद दिवस आधी करता येतो. नागरिकाच्या पतीला किंवा पत्नीला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र ती आहे, आणि म्हणून रांगही आहे. ही रांग २००० च्या सुमारास इतकी लांबली होती की ताटातूट झालेल्या जोडप्यांसाठी त्या वर्षी कायदा करून स्वतंत्र व्हिसा निर्माण करावा लागला. २०१९ पासून २०२३ च्या आरंभापर्यंत ती जवळजवळ नाहीशी झाली होती. आणि मग पुन्हा उभी राहिली. तेव्हा ‘लवकर नागरिक हो, म्हणजे बायकोला लवकर आणता येईल’ हा सल्ला शहाणपणाचा वाटतो.

पण हाच सल्ला दुसऱ्या घरात अनर्थ करू शकतो. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळालेल्या माणसाचा विवाह कार्डापूर्वी झालेला असेल, तर पत्नीला त्याच मंजुरीच्या आधारे मागाहून येता येते. तिचा व्हिसा होण्याआधी तो नागरिक झाला, की ही वाट बंद होते आणि नवा अर्ज करून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ग्रीन कार्डधारकाने पत्नीसाठी केलेल्या अर्जात मुलांचा समावेश होतो. तो नागरिक झाला की प्रत्येक मुलासाठी वेगळा अर्ज लागतो. म्हणजे एकाच शपथेने एका घराचे दार उघडते आणि दुसऱ्याचे लागते. अशा व्यवस्थेत तारीख न पाहणारा माणस निष्ठावान नव्हे, बेसावध म्हणायचा. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त पाहणाऱ्याला कोणी लग्नाविषयी अप्रामाणिक म्हणत नाही.

युरोपातील एक खटला या संदर्भात फार बोलका आहे. गार्सिया ओर्माझाबाल ही स्पॅनिश स्त्री १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये आली आणि २००९ मध्ये ब्रिटिश नागरिक झाली. स्पॅनिश नागरिकत्वही तिने राखले. २०१४ मध्ये तिने तुफिक लुनेस या अल्जिरियन पुरुषाशी विवाह केला. दरम्यान २०१२ मध्ये ब्रिटिश नियम बदलले होते. ती आता ब्रिटिश असल्यामुळे युरोपीय नागरिकाच्या पतीला मिळणारा वास्तव्याचा हक्क लुनेस यांना नाही, अशी सरकारने भूमिका घेतली. केवळ स्पॅनिश राहिली असती, तर हा प्रश्नच उद्भवला नसता! युरोपीय न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१७ रोजी त्या दोघांच्या बाजूने निर्णय दिला. समाजात अधिक खोलवर रुजू पाहणाऱ्याचेच हक्क त्यामुळे कमी व्हावेत, हे तर्काला सोडून आहे, असा त्याचा आशय होता.

स्विंडनसारख्या शहरांत राहणाऱ्या, पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोमंतकीयांना हा निवाडा परका नव्हता. पती पोर्तुगीज, पत्नी भारतीय पासपोर्टवर. तिचे वास्तव्य त्याच्या युरोपीय असण्यावर अवलंबून. ब्रिटिश नागरिकाच्या परदेशी जोडीदारासाठी मात्र २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंडांच्या किमान उत्पन्नाची अट होती; २०२४ मध्ये ती २९,००० झाली. अशा घरात नागरिकत्वाचा अर्ज पुढे ढकलणे याला कोणी देशप्रेमाचा अभाव म्हणणार असेल, तर त्याने आधी तो पगार मोजावा.

या हिशेबाला इतिहासही आहे. १९२२ च्या अमेरिकन कायद्याने, नागरिकत्वास अपात्र ठरवलेल्या परकीयाशी विवाह करणाऱ्या स्त्रीचे नागरिकत्व जात असे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना अपात्र ठरवले. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः १९१४ मध्ये अमेरिकन नागरिक झाले होते. सरकार आता त्यांचेही नागरिकत्व काढून घेऊ पाहत होते. आपले नागरिकत्व गेले तर आपल्या अमेरिकन पत्नीचेही जाईल, हा त्यांच्या बचावातील एक मुद्दा होता. १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले. नवऱ्याच्या कागदावर बायकोचा देश ठरतो, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीही न्यायालयात सांगावी लागली होती.

कोणी म्हणेल, खोटी लग्ने होतातच. होतात, राज्यसंस्थेने ती जरूर तपासावीत. पण खोटे लग्न करणारा वस्तुस्थिती बनावट तयार करतो. तारीख पाहणारा खऱ्या वस्तुस्थितीचा केवळ क्रम लावतो. या दोघांना एकाच तराजूत घालणे हा वैचारिक आळस आहे. आपला १९५५ चा नागरिकत्व कायदाही भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या परकीयाला नोंदणीच्या अर्जापूर्वी सात वर्षांचे वास्तव्य मागतो, आणि परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात आणतो. वर्षे मोजायला राज्यसंस्थाच शिकवते; माणसाने मोजली की तोच हिशेबी ठरतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना माझे सांगणे एवढेच, की स्थलांतरिताची कथा वाचताना ‘मुळे’ आणि ‘तुटलेपण’ या शब्दांपाशी थांबू नका. त्या घरात कोण कोणाच्या कागदावर राहत आहे आणि कोणत्या तारखेची वाट पाहिली जात आहे, ते शोधा. पत्नीचा व्हिसा हाती येईपर्यंत भरलेला अर्ज खणात ठेवणारा माणूसही निष्ठावानच असतो. त्याची निष्ठा कोणावर आहे, हे मात्र आपल्या समीक्षेने अजून विचारलेले नाही.