डोळ्याखालचे हाड आणि आपले टूलरूम

पुणे-नाशिक रस्त्यावर मोशीपासून चाकणपर्यंत कंटेनर, कंपन्यांच्या बस आणि शिफ्ट गाठायला निघालेले दुचाकीस्वार एकमेकांना खेटून चालतात. हेल्मेटविना तोंडावर आपटलेल्या माणसाची जी हाडे सहज मोडतात, त्यांत डोळ्याच्या खोबणीचा तळ असतो. जागोजागी हे हाड अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ. ते खचले की डोळ्याभोवतीची चरबी, कधी स्नायूही, त्या फटीत उतरतो आणि माणसाला एकाचे दोन दिसू लागतात. लेथवर उभ्या राहणाऱ्याला किंवा फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला दोन-दोन दिसणे म्हणजे हातचे काम जाणेच.

या दुरुस्तीत चुकायला फार जागा नाही. खोबणीत सगळी मिळून साधारण 30 मिलिलीटर जागा. ती एका मिलिलीटरने वाढली तर डोळा जवळजवळ एक मिलिमीटर आत जातो. दोन मिलिमीटर गेला की समोरच्याच्याही लक्षात येते. सर्जन खालच्या पापणीच्या आतून चीर घेतो, टायटॅनियमची पातळ जाळी कात्रीने कापतो, हाताने वाकवतो आणि आत सरकवून बघतो. कापलेली कड चरबीत अडकते. जाळी बाहेर काढायची, पुन्हा कापायची, पुन्हा घालायची. तिचे मागचे टोक शाबूत राहिलेल्या हाडाच्या चिमुकल्या कडेवर टेकले पाहिजे, आणि तिथून थोडे पुढे दृष्टीची मुख्य नस आहे. हे सारे अंदाजाने करण्यात हात कितीही तयार असला तरी धोका उरतो.

त्रिमितीय छपाईने हा अंदाज रुग्ण टेबलावर येण्याआधीच संपवता येतो. रुग्णाचा सीटी स्कॅन संगणकावर घ्यायचा, चांगल्या बाजूची खोबणी आरशातल्यासारखी उलटवून मोडक्या बाजूवर बसवायची. मूळ आकार समोर येतो. इथून दोन वाटा फुटतात. एक, टायटॅनियमच्या भुकटीचे थर लेझरने वितळवत त्या आकाराचे रोपणच छापायचे. दुसरी, त्या खोबणीचा प्लास्टिकचा साचा छापायचा, नेहमीची जाळी त्यावर आदल्या दिवशी वाकवून, कडा घासून तयार ठेवायची आणि निर्जंतुक करून थिएटरमध्ये न्यायची. साचा शरीरात जात नाही.

मोठे हाड गेले असेल तर पहिलीच वाट घ्यावी लागते. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसने आपल्या राज्यात कित्येकांचे वरचे जबडे आणि डोळ्याखालची हाडे नेली, काहींचे डोळेही. अशांना जाळीचा तुकडा पुरत नाही. पण शरीरात कायम राहणारी वस्तू बनवायची तर भुकटीपासून सफाईपर्यंत प्रत्येक पायरीची नोंद हवी, आणि ते तसेच असले पाहिजे. 2018 साली पुण्याच्या भारती हॉस्पिटलमध्ये अपघातात जखमी झालेल्या चार वर्षांच्या मुलीच्या कवटीचा मोठा भाग छापील रोपणाने बदलला गेला. शस्त्रक्रिया आपल्या डॉक्टरांची, रोपण मात्र अमेरिकेतल्या कंपनीचे. मिलिमीटरच्या दशांशाच्याही दशांशापर्यंत अचूक डाय घासणाऱ्या आपल्या टूलरूमच्या पट्ट्याला हे खटकले पाहिजे.

म्हणून आधी दुसरी वाट धरा, असे आमचे म्हणणे आहे. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये रॅपिड प्रोटोटायपिंगची यंत्रे आहेत आणि त्या संस्थेत खुद्द पिंपरी-चिंचवड महापालिका भागीदार आहे. तिथून काही किलोमीटरवर संत तुकारामनगरात महापालिकेचेच यशवंतराव चव्हाण रुग्णालय, पदव्युत्तर शिक्षणासह. आयआयटी मुंबईच्या ‘बेटिक’ या वैद्यकीय उपकरणांच्या केंद्राने पुण्याच्या सीओईपी आणि नागपूरच्या व्हीएनआयटीला सोबत घेऊन डॉक्टर आणि इंजिनिअर एका बाकावर बसवता येतात हे दाखवून दिले, त्यालाही राज्य सरकारच्याच विज्ञान आयोगाचा पैसा होता. यंत्र, रुग्ण आणि नमुना तिन्ही हाताशी असताना नव्या घोषणेची गरज नाही.

काही गोष्टी मात्र आधी ठरवाव्या लागतील. चेहऱ्याला मार असेल तर सीटीचे काप एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ घ्यावेत, कारण जाड कापांत हे कागदी हाड दिसतच नाही आणि मग साच्यात नसलेले भोक उगवते. स्कॅनपासून साच्यापर्यंत दोन-तीन दिवसांहून जास्त जाऊ नयेत. ही शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत करणे बरे. लहान मुलाचा स्नायू फटीत चिमटला असेल तर मात्र साच्यासाठी एक तासही थांबू नये, त्याला तातडीने टेबलावर घ्यावे. आणि राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत या नियोजनाचा खर्च स्पष्ट शब्दांत बसवावा, नाहीतर खासगी रुग्णालयातल्या श्रीमंतालाच साचा मिळेल.

मोशीत महापालिकेने मोठे रुग्णालय हाती घेतले आहे. त्याच्या आराखड्यात सीटी विभागाला लागून साच्याची एक खोली आताच राखून ठेवावी, आणि तोपर्यंत यशवंतराव चव्हाण रुग्णालयाच्या जबडा-चेहरा सर्जनांनी व ऑटो क्लस्टरच्या इंजिनिअरांनी पहिल्या रुग्णाचा स्कॅन एकत्र बसून उघडावा. आयुक्तांनी ही बैठक याच महिन्यात बोलवावी.