खतावणीत नसलेले खाते

शाळेत असताना 'एकत्र कुटुंबाचे फायदे' या विषयावर मी निदान चार वेळा निबंध लिहिला असेल. सुखदुःखात सोबत, वडीलधाऱ्यांचे संस्कार, खर्चात काटकसर, म्हातारपणी आधार असे मुद्दे गुरुजी फळ्यावर लिहून देत आणि आम्ही ते फुलवून लिहीत असू. मला त्यात नेहमी चांगले गुण मिळत, कारण मी तशाच घरातला. परंतु यंदाच्या थंडीच्या सुट्टीत माझ्या ध्यानात आले, की ते चारही निबंध पाटावर बसून जेवणाऱ्याने लिहिले होते, चुलीपुढे बसणाऱ्याने नव्हे. हे ध्यानात कसे आले आणि त्यावरून माझे काय मत बनले, ते येथे मांडतो.

आमचे घर बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या अंगाला असलेल्या एका खेड्यात आहे. एरवी घरात दहा माणसे असतात. आज्जा, आजी, आई, बाबा, धाकटे काका, धाकटी काकू, त्यांच्या दोन मुली, मी आणि माझा भाऊ. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून थोरले काका, थोरली काकू, त्यांचे दोन मुलगे, सून आणि नातू येतात. गोव्यात नाताळची सुट्टी असते, म्हणून म्हापशाहून आत्या तिन्ही मुलांना घेऊन येते. अशी वीस माणसे दहा-अकरा दिवस एका घरात राहतात.

हे दिवस फार आनंदाचे असतात, हे मी नाकारत नाही. भाताची मळणी उरकलेली असते, शेतात मसूर आणि वाटाणा उभा असतो. सकाळी इतके धुके, की गोठ्यापासून विहीर दिसत नाही. अंगणात शेकोटी पेटते, मुले वाटाण्याच्या शेंगा भाजून खातात. न्हाणीपुढे अंघोळीचे नंबर लागतात आणि ते दुपारपर्यंत संपत नाहीत. जेवणाच्या तीन पंगती होतात. आधी मुले, मग पुरुष, शेवटी बायका. रात्री माजघरात वाकळा अंथरल्या, की कोण कोणाशेजारी झोपणार यावरून भांडण ठरलेलेच. पुण्याचा चुलतभाऊ दरवर्षी म्हणतो, "खरं आयुष्य इथेच आहे." आणि चौथ्या दिवशी विचारतो, "इथे रेंज कुठे येते रे?"

यंदा या आनंदावर एक सावट होते. घराच्या वाटणीची गोष्ट निघाली होती. आज्जांचे वय झाले आहे, त्यांच्या डोळ्यांदेखत काय ते ठरावे असे सर्वांनाच वाटत होते. थोरल्या काकांचे म्हणणे असे, की घराच्या दुरुस्तीला, बोअरवेलला आणि आत्याच्या लग्नाला पैसा मुख्यतः त्यांनी दिला, तेव्हा निदान घराच्या बाबतीत त्याचा विचार व्हावा. त्यात खोटे काही नव्हते. रात्रपाळ्या करून त्यांनी तो पैसा पाठवला होता. आज्जांनी आपल्या लाल वह्या काढल्या, माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, "तू बी.कॉम. करतोस न्हवं? कुणी किती घातलं, लिहून दे."

मी पदवीचे विषय इंग्रजीतून शिकतो, पण रोजकीर्द, खतावणी, तेरीज हे शब्द मला आज्जांच्या या वह्यांनीच शिकवले. दोन दिवसांत मी प्रत्येकाचे खाते काढले. थोरल्या काकांचे खाते पानभर भरले. बाबा बेळगावला एका फाउंड्रीत नोकरी करतात, त्यांचे अर्धे पान झाले. धाकटे काका शेती करतात. त्यांच्या नावाने जमेला ऊस आणि दूध यांची थोडी रक्कम, आणि नावे बाजूला खत, बियाणे, सोसायटीचे कर्ज. बेरीज केली तेव्हा त्यांची शिल्लक उणे आली. बायकांच्या नावाने तर खातेच नव्हते.

आकडे बरोबर होते. मी दोनदा ताळा करून पाहिला. तरी काहीतरी चुकले आहे असे वाटत राहिले, आणि काय चुकले ते मला दुसऱ्या दिवशी पहाटे कळले. थंडीने जाग आली म्हणून स्वयंपाकघरात गेलो, तर धाकटी काकू चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. काकूचे माहेर बैलहोंगलकडचे, घरची भाषा कन्नड. आमच्या घरात ती मराठी बोलते, पण मोजते मात्र कन्नडमध्ये. तव्यावर भाकरी टाकताना ती स्वतःशीच मोजत होती, 'ओंदु, एरडु, मूरु...' मी चहा घेईपर्यंत आकडा तिसाच्या पुढे गेला होता. घड्याळात साडेपाच वाजले होते.

त्या दिवसापासून मी वहीच्या मागच्या पानांवर दुसरा हिशेब लिहू लागलो. कोण किती वाजता उठले, कोणी काय केले, कोण केव्हा झोपले. तो माझ्या नववीतल्या चुलत बहिणीने पाहिला आणि विचारले, "दादा, न्हाणीचं पाणी तापवायचं कुठं लिहिलंस? वाकळा उन्हात घालायच्या? आजीला परसात न्यायचं?" माझ्या यादीत यातले काहीच नव्हते. जे काम मी कधी केले नाही, ते मला दिसतही नव्हते. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. शेणी आणणे, गोठा झाडणे, धार काढणे, दूध डेअरीला पोचवणे, पुण्याच्या बाळाला वेगळे मऊ भात करून देणे, आज्जांच्या गोळ्या, तिसऱ्या पंगतीनंतरची भांडी. काकू सकाळी पाचला उठे आणि रात्री अकराला पडे. आईही नोकरीवर जाणाऱ्यांचे डबे भरून तिच्या जोडीला असे. थोरली काकू सुट्टीला येते खरी, पण पाहुणी म्हणून बसत नाही. तिनेही रोज भाजी चिरली, भांडी घासली. धाकटे काका तीन रात्री शेताला पाणी पाजायला गेले, कारण वीज रात्रीचीच होती. माझ्या नावापुढे दोन नोंदी होत्या. एकदा डेअरीत दूध पोचवले. एकदा गावातून चहापूड आणली.

अर्थशास्त्राच्या तासाला पिगू या अर्थशास्त्रज्ञाचे एक उदाहरण सरांनी सांगितले होते. एखाद्याने पगारी घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केले, तर ती तेच काम करीत राहिली तरी राष्ट्रीय उत्पन्न घटते, कारण तिचा पगार बंद होतो. आम्ही वर्गात हसलो होतो. आता हसू येत नाही. भारत सरकारच्या २०१९ सालच्या वेळवापर पाहणीत असे आढळले, की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय असे काही काम करणारे पुरुष शंभरात २६ च्या आसपास, तर स्त्रिया ८१. हे आकडे परीक्षेसाठी मी पाठ केले होते. ते आमच्याच स्वयंपाकघराविषयी आहेत, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते.

कायद्याकडे पाहावे, तर तेथेही असेच आहे. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेचा विचार आपल्याकडे मिताक्षरेवरून चालत आला. ती विज्ञानेश्वराने सहाव्या विक्रमादित्याच्या काळात कल्याणीला, म्हणजे आपल्या बसवकल्याणला लिहिली. तिच्यात मुलाला जन्मानेच हक्क मिळतो. मुलींना तो हक्क कर्नाटकाने व महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर झाला. ही मोठी सुधारणा आहे आणि आत्याचा हक्क आमच्या घरानेही मानला पाहिजे. परंतु हक्क जन्माने मिळतो, कामाने नाही. जी सून म्हणून आली आणि वीस वर्षे त्या घरात राबली, तिच्या राबण्याचे खाते कोठेच उघडत नाही.

आणखी एक कायदा आहे, तो माझ्यासारख्यांनी विशेष लक्षात ठेवावा. १९३० साली झालेल्या विद्याधनाच्या कायद्याने असे ठरवले, की शिक्षण कुटुंबाच्या पैशाने झाले असले, तरी त्या शिक्षणावर मिळवलेली कमाई ज्याची त्याची स्वतःची. थोरल्या काकांना पुण्याला शिकायला ठेवले, तेव्हा धाकट्या काकांनी दहावीतून शाळा सोडून औत धरले. आज एकाची कमाई स्वतःची आहे आणि दुसऱ्याची शिल्लक उणे आहे. या न्यायाने पुढचा लाभार्थी मीच! माझी फी कॉमन पैशातून जाते, माझा डबा काकू भरते, आणि उद्या मला नोकरी लागली की पगार माझा एकट्याचा. कायद्याने तो माझाच असावा, यावर माझा आक्षेप नाही. पण तो मी एकट्याने मिळवला, असे म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

एक जानेवारीच्या रात्री जेवणे झाल्यावर मी दोन्ही हिशेब वाचले. पहिला ऐकताना सगळे माना हलवत होते. दुसरा सुरू केला तेव्हा माजघरात कोणी बोलेना. थोरले काका म्हणाले, "म्हणजे आम्ही येतो ते तुम्हाला जड होतं, असं समजायचं का?" त्यांना दुखावण्याचा माझा हेतू नव्हता, पण ते दुखावले गेले. मला खरे आश्चर्य वाटले ते धाकट्या काकूचे. ती चिडली होती. "साकु बिडो," ती म्हणाली. "माझं काम वहीत कशाला लिहूलास? मी काय मजुरीला आलीय काय या घरात?"

तिच्या या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला आहे. पुष्कळ लोक म्हणतात, प्रेमाच्या माणसांत हिशेब करू नये. काकूचेही तेच म्हणणे. मला ते मान्य आहे, पण एका अटीवर. मग पैशाचाही हिशेब करू नये. बोअरवेलचा खर्च लक्षात ठेवायचा आणि त्या पाण्याचे हंडे कोणी वाहिले ते प्रेमात जमा करायचे, याला हिशेब न ठेवणे म्हणत नाहीत. याला अर्धा हिशेब ठेवणे म्हणतात, आणि वाणिज्य शाखेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल, की एकच बाजू लिहिलेली तेरीज जुळत नाही. काकूच्या कामाची मजुरी ठरवावी, असे मी म्हणत नाही. ते काम आहे, एवढे तरी मांडले जावे.

इरावती कर्वे यांनी आपल्या नातेसंबंधांवरील १९५३ च्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली, तिच्यात एका छपराखाली राहणे आणि एका चुलीवरचे अन्न खाणे ही मुख्य लक्षणे आहेत. एकत्र कुटुंब मोडू नये म्हणून गळा काढणाऱ्यांनी या चुलीकडे नीट पाहावे. ती कोण पेटवतो, हे विचारल्याशिवाय तिचे गोडवे गाऊ नयेत. उलट, विभक्त झाले की सारे प्रश्न सुटतात, असेही मला वाटत नाही. वेगळ्या चुलीवर भाकऱ्या कमी होतील, पण आज्जा-आजी कोणाच्या वाट्याला, गोठा कोणाच्या वाट्याला, हे प्रश्न उरतीलच, आणि त्यांचे उत्तर बहुधा त्याच दोन हातांवर येऊन पडेल. म्हणून माझ्या मते एकत्र की विभक्त, हा वाद दुय्यम आहे. एकत्र राहायचे तर कामाची पाळी लावून राहावे, आणि वेगळे व्हायचे तर दोन्ही वह्या पुढे ठेवून व्हावे.

आमच्या वाटणीचे अद्याप काही ठरलेले नाही. थोरले काका तीन तारखेला गेले. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, बोलले मात्र काही नाही. मागाहून त्यांचा फोन आला, की घराचा विषय पुढच्या सुट्टीत सावकाश बोलू, आणि धाकट्याला विचारल्याशिवाय काही करू नका.

मी मात्र दोन तारखेपासून न्हाणीची चूल पेटवू लागलो. पहिल्या दिवशी शेणी ओल्या निघाल्या आणि धुराने घरभर खोकला लागला. काकूने येऊन दोन फुंकरीत जाळ केला. "बाजूला हो," म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी आदल्या रात्रीच कोरड्या शेणी आत आणून ठेवल्या. कॉलेज सुरू झाल्यावरही हे काम माझ्याकडेच आहे. रोजचा अर्धा तास जातो. पाच जणांची अंघोळ होईपर्यंत तेथेच बसून अभ्यास करता येतो, हा वरचा नफा.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांची घरे अशीच आहेत, मराठी असोत वा कन्नड. पुढच्या सुट्टीत एक वही घ्या आणि अकरा दिवस तिच्यात फक्त कामे लिहा. कोणाला वाचून दाखवली नाही तरी चालेल. स्वतःच्या नावापुढे किती नोंदी पडतात, तेवढे पाहिले तरी पुरे.