निकाल झकास, ताळेबंद खोटा

'बाजाराला सगळं आधीच कळतं' असं कुणी ऐकवलं की मी एकच नाव घेतो: सत्यम.

या समजुतीला विद्वत्तेचा आधारही दिला जातो. रे बॉल आणि फिलिप ब्राऊन यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं की कंपनीच्या वार्षिक नफ्यातली बहुतेक बातमी आकडा जाहीर होण्याआधीच भावात उतरलेली असते. संशोधन चोख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण भाव आकड्याच्या पुढे धावतो, एवढंच त्यातून कळतं. तो आकडा खरा की खोटा, हे भाव तपासत नाही. आमच्या विश्लेषकांना हा फरक कळत नाही, की कळून परवडत नाही?

७ जानेवारी २००९ ला सत्यम या हैदराबादच्या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी संचालक मंडळाला कबुलीचं पत्र लिहिलं. सप्टेंबर २००८ अखेर दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकीतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. त्या नसलेल्या पैशांवर ३७६ कोटींचं व्याज येणं आहे, असंही पुस्तकात लिहिलेलं. थापेतही हिशेबाची शिस्त! त्या तिमाहीचा कार्यकारी नफा सांगितला होता ६४९ कोटी, म्हणजे महसुलाच्या २४ टक्के. खरा होता ६१ कोटी, ३ टक्के. ही बनवाबनवी बरीच वर्षं चाललेली होती आणि तितकी वर्षं बाजार दर तिमाहीला त्याच आकड्यांवर बोली लावत होता.

बँकेतली शिल्लक ही ताळेबंदातली सर्वांत सोपी ओळ. बँकेला थेट विचारायचं आणि उत्तर स्वतःच्या हाती घ्यायचं, एवढंच काम. हे न जमलेले लेखापरीक्षक प्राइस वॉटरहाऊसचे, जगातल्या चार बड्यांपैकी एकाचे. संचालक मंडळावर हार्वर्डचे कृष्णा पालेपू, कंपनीचे हिशेब कसे वाचावेत यावरच्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक. आणि उत्तम कंपनी कारभाराबद्दलचा 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार सत्यमला २००८ मध्येच मिळालेला, कबुलीच्या काही महिने आधी.

बाजार एकदा दचकला, हे मान्य. १६ डिसेंबर २००८ ला सत्यमने राजू कुटुंबाच्या दोन मेटास कंपन्या १६० कोटी डॉलरना घेण्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये तिच्या शेअर-पावत्यांचा (एडीआर) भाव निम्म्याहून खाली आला आणि काही तासांत व्यवहार गुंडाळावा लागला. म्हणजे घरच्यांना पैसे वाटणं बाजाराला लगेच समजतं. पण वाटायला पैसे आहेत का, हा प्रश्न तेव्हाही फारसा कुणाला पडला नाही. खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणण्याचा तो शेवटचा प्रयत्न होता, हे राजूंनीच नंतर पत्रात लिहिलं. ते वाचल्यावर मुंबईत शेअर एका दिवसात सुमारे ७८ टक्के कोसळला. बाजाराने खोट पकडली नाही. चोराने स्वतः येऊन सांगितलं, तेव्हा बाजार पळाला.

आजही निकालाच्या दिवशी टीव्हीवर बघा. 'अंदाजापेक्षा दोन टक्के जास्त' एवढ्यावर शेअर उसळतो. विश्लेषकांच्या कॉलमध्ये प्रश्नाआधी व्यवस्थापनाचं अभिनंदन होतं. (परीक्षकाने उत्तरपत्रिका उघडण्याआधी पेढा खावा, तसं.) नफा कागदावर आहे की रोखीत आला, उधारी किती तुंबली, प्रवर्तकांच्या नातलग कंपन्यांशी काय देणंघेणं झालं, हे सगळं मागच्या पानांवर बारीक टायपात असतं. तिथवर जाण्याचा पगार घेणारेही तिथवर जात नाहीत. मग शेअर आपटला की छोट्या गुंतवणूकदाराला शहाणपण शिकवायला हेच पुढे: 'अभ्यास करून पैसे लावावेत.' तुम्ही काय करत होता, साहेब?

शिक्षेचंही ऐका. भागधारकाची शिक्षा कबुलीच्याच दिवशी, बाजार बंद होण्याआधी अमलात आली. राजूंना २०१५ मध्ये सात वर्षांची कैद झाली. प्राइस वॉटरहाऊसवर बाजार नियामक सेबीने दोन वर्षांची बंदी घातली ती जानेवारी २०१८ मध्ये, नऊ वर्षांनी. सप्टेंबर २०१९ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तीही रद्द केली: लेखापरीक्षणाचा दर्जा तपासणं हा सेबीचा अधिकारच नव्हे, असं सांगून.