बऱ्या झालेल्या हातांना काम हवे

अचलपूर तालुक्यातील पथ्रोट हे पद्मश्री दामोदर गणेश बापट यांचे जन्मगाव. १९७२ पासून २०१९ मधील देहावसानापर्यंत ते छत्तीसगडमधील चांपा येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेत राहिले. तेथील भारतीय कुष्ठ निवारक संघ १९६२ साली उभारणारे सदाशिवराव कात्रे स्वतःच कुष्ठपीडित होते. म्हणूनच आश्रमात औषधाबरोबर कामही आले : शेती, गोपालन, चटया, दोर, खडू. भिक्षेसाठी पुढे होणारा हात तेथे कमावता झाला.

आज बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग सहा ते बारा महिन्यांत बरा होतो. अपंगत्व उरलेल्या कुष्ठमुक्तांना २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत आरक्षणही दिले. पण दुकानाचा, कारखान्याचा उंबरठा कायद्याने ओलांडता येत नाही. रोगाचे जंतू मरतात. आपल्या मनातील किल्मिष उरते. क्षय वा कर्करोगातून उठलेल्यालाही 'झेपेल का?' या प्रश्नाआड नकारच मिळतो. त्याला दया नको असते, हजेरीपटावर नाव हवे असते.

बापटांचे स्मरण केवळ तसबिरीला हार घालून होणार नाही. अचलपूर-परतवाड्यातील एकेका व्यापाऱ्याने, संस्थाचालकाने एकेका रोगमुक्ताला झेपेल ते काम द्यावे. समरसतेची खरी कसोटी तीच आहे.