फोटोवरून लिव्हर गार्ड बनवू नका



"सर, व्हीएमसी रिकामं पडलंय, स्वतःचं प्रॉडक्ट काय करू?" असं विचारणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये हल्ली एक फोटो हमखास असतो. रेसिंग बाइकचा ब्रेक लिव्हर गार्ड. छोटा पार्ट, ॲल्युमिनियमचा, वर लाल-निळं ॲनोडायझिंग. बाहेरचा ब्रँड महाग विकतो, आपण निम्म्यात देऊ, असा हिशोब.

माझं स्पष्ट मत आहे, हा हिशोब चुकीच्या टोकाने सुरू होतो. आधी हा पार्ट आला कुठून ते बघा.

18 जून 2006, बार्सिलोनाजवळच्या सर्किटवर मोटोजीपीची रेस. पहिल्याच वळणाकडे जाताना सेते गिबरनाऊच्या पुढच्या ब्रेकचा लिव्हर त्याच्याच टीममधल्या लोरिस कॅपिरॉसीच्या बाइकला लागला. लिव्हर दाबला गेला, पुढचं चाक जॅम, आणि गाडी उलटून रायडर हवेत! मागचेही काही जण पडले, रेस थांबवून पुन्हा सुरू करावी लागली. गिबरनाऊचं कॉलरबोन मोडलं. ब्रेक त्याने मारलाच नव्हता, दुसऱ्याच्या गाडीने मारला. अशा धोक्यावरचा उपाय म्हणून पुढे ग्रां प्री रेसिंगमध्ये लिव्हर गार्ड सक्तीचा झाला.

म्हणजे कस्टमर तुमच्याकडून ॲल्युमिनियमचा तुकडा घेत नाही. 'धक्का लागला तरी माझा लिव्हर दाबला जाणार नाही' ही खात्री घेतोय. आणि ही खात्री फोटोत दिसत नाही.

बघा ना, गार्ड हँडलबारच्या फक्त टोकाला धरलेला असतो. बाकी सगळा अधांतरी. समोरून धक्का बसला की तो मागे, लिव्हरच्या दिशेने वाकणार. जास्त वाकून लिव्हरवर टेकला तर गार्डच ब्रेक दाबेल! म्हणजे नसलेला बरा. मटेरियल वाचवायला जाडी दोन मिलिमीटर कमी केली की धोका इथे येतो. दुसरं, एकाच बोल्टवर बसलेला गार्ड धक्क्याने किंवा व्हायब्रेशनने गोल फिरू शकतो. मग लिव्हर उघडाच. आणि हँडलबारचा बाहेरचा व्यास सारखा असला तरी आतला प्रत्येक कंपनीचा वेगळा. आत फुगून घट्ट बसणारा प्लग नीट मापाचा नसेल तर पुढचं सगळं डिझाइन वाया.

उलट, नुसता दणकट केला की झालं असंही नाही. एफआयएम या जागतिक संघटनेचा नियम सांगतो की गार्ड मजबूत हवा, पण त्यात रायडर अडकता किंवा जखमी होता कामा नये. बोटं अडकतील अशी फट नको, धारदार टोक नको. काही कंपन्या ॲल्युमिनियम सोडून ग्लास फायबर मिसळलेल्या नायलॉनमध्ये गार्ड करतात. म्हणजे मोल्डिंगवाल्यांनाही इथे जागा आहे, फक्त व्हीएमसीवाल्यांना नाही.

"पण सर, आपलं गिऱ्हाईक तर रस्त्यावर शोसाठी लावणारं आहे." असेल. पण डब्यावर 'रेसिंग' छापणार असाल तर उद्या एखादा पोरगा तो लावून चेन्नईच्या ट्रॅकवर उतरेल. त्याला काय सांगणार?

करायचाच असेल तर आधी एकाच मॉडेलसाठी करा. दहा पीस बनवा आणि त्यातले पाच वाकवून, तोडून बघा. तो खर्च डेव्हलपमेंटमध्ये धरा आणि मगच रेट काढा. आणि माप घेताना लिव्हरची ॲडजस्टमेंट पूर्ण बाहेर ठेवा. फोटोतली गाडी कुठल्या सेटिंगला उभी होती, कोण जाणे.