सण, मतदान आणि गल्ल्यातील रोकड

एप्रिल २०२४ हा महिना महाराष्ट्रातील व्यापाऱ्याची कसोटी पाहणारा होता. ९ तारखेस गुढीपाडवा, ११ ला रमजान ईद, १४ ला डॉ. आंबेडकर जयंती, १७ ला रामनवमी, २१ ला भगवान महावीर जन्मकल्याणक आणि २३ ला हनुमान जयंती. त्यातच लोकसभेच्या मतदानाचे दोन टप्पे: १९ ला नागपूर, चंद्रपूर आदी पाच मतदारसंघ, २६ ला अमरावती, अकोला, नांदेड, परभणी आदी आठ.

सणांत विक्री वाढते, तशी रोकडही वाढते. परंतु त्या महिन्यात १, ९, ११ व १७ तारखेस बँका बंद होत्या. शिवाय १३ व २७ ला दुसरा आणि चौथा शनिवार. भरणा लांबला आणि गल्ल्यातील रक्कम सोबत बाळगावी लागली. नेमकी त्याच वेळी भरारी पथके रस्त्यावर होती. १६ मार्चपासून आचारसंहिता राज्यभर लागू होती; त्यामुळे जेथे मतदान २० मे रोजी होते, त्या मुंबई-नाशिकच्या व्यापाऱ्याचीही तपासणीतून सुटका नव्हती.

पन्नास हजारांहून अधिक रोकड आढळल्यास पथक तिचा हिशेब विचारते. समाधानकारक पुरावा नसल्यास रक्कम जप्त होऊ शकते. छोट्या दुकानदाराचे भांडवल असे अडकले की घाऊक व्यापाऱ्याचे देणे थांबते, हमालाची मजुरी थांबते आणि वर्षानुवर्षांची पतही डागाळते. म्हणून रोकडीसोबत विक्रीच्या पावत्या, रोजमेळाची प्रत, बँकेतून काढली असल्यास पासबुकाची नोंद आणि ओळखपत्र असावे. नोकराच्या हाती रक्कम देताना पेढीचे सही-शिक्क्याचे पत्र द्यावे. दागिन्यांबरोबर पावती किंवा डिलिव्हरी चलन हवे.

एवढे करूनही जप्ती झालीच, तर वाद न घालता पंचनामा व पावती घ्यावी आणि जिल्हा तक्रार निवारण समितीकडे पुराव्यासह अर्ज करावा. रकमेचा निवडणुकीशी संबंध नसल्यास ती परत मिळते. मात्र दहा लाखांवरील रकमेची माहिती आयकर विभागास दिली जाते.

जन्मकल्याणकाच्या बोलीची रक्कमही धनादेशाने द्यावी. दोन हजारांवरील रोख देणगीस आयकराची वजावट नाही. मतदानाच्या दिवशी मतदार नोकरांना भरपगारी सुट्टी देणे हे तर कायद्याचेच बंधन आहे.

अचौर्य हे केवळ व्याख्यानातील व्रत नव्हे. ज्याचा रोजमेळ त्याच दिवशी पूर्ण होतो, त्यास नाक्यावर गाडीची काच खाली करताना भय वाटत नाही.